सोडाचाच होता तं धरला काहून?

पहिला बास लागला त्या दिवशी मी तळ्याच्या काठावरूनच भंडाऱ्याला फोन लावला.

"कोणता मासा होता?" आईनं विचारलं.

"बास."

"बरं, ठेवते मंग," म्हणाली आणि तिनं खरंच फोन ठेवला.

पुन्हा लावून सांगितलं, अगं, नावच आहे त्याचं, लार्जमाउथ बास. पाठ हिरवट, कुशीवर काळपट पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. तिचा पुढचा प्रश्न सरळ होता: रस्सा केला का तळला? सोडून दिला म्हटल्यावर पलीकडे शांतता. मग म्हणाली, "सोडाचाच होता तं धरला काहून?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुढची कितीतरी वर्षं देता आलं नाही.

आम्ही तलावांच्या जिल्ह्यातले. मामाचं गाव नवेगाव बांधच्या अंगाला. मामा मासेमारीवर पोट भरणारा नव्हता, पण सुट्टीच्या दिवशी घरात सापडतही नसे. बांबूची काठी, तरंगायला मोरपिसाचा दांडा, गरीला गांडूळ, आणि बांधावर बसून तंबाखू मळणं. एवढ्या सामानावर तो दिवस काढायचा आणि संध्याकाळी आणलेलं सगळं चुलीवर चढायचं. धरून सोडणं ही कल्पना त्याला सांगितली असती तर त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

आता मी मिशिगनमध्ये राहतो. या राज्यात आतली तळीच अकरा हजारांहून जास्त आहेत, त्यामुळे मासे न धरण्याला सबब उरत नाही. गांडुळं पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळतात, फ्रीजमध्ये, थर्माकोलच्या डब्यात, दुधाच्या जवळच. पहिल्यांदा मी तो डबा घरच्या फ्रीजमध्ये ठेवला, त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. तेव्हापासून रबरी अळ्या वापरतो. त्यांच्या रंगांची नावं ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन. दुकानात उभं राहिलं की भाजीमंडईत आल्यासारखं वाटतं.

शाळेत आम्हाला पाण्याचं असंगत आचरण होतं. होपच्या उपकरणाची नामनिर्देशित आकृती, दोन थर्मामीटर, मध्ये बर्फ आणि मिठाचं मिश्रण, आणि ठरलेलं वाक्य: चार अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते. मे महिन्यात जिथे पत्रे भाजून निघतात त्या गावात आम्ही हे घोकलं आणि परीक्षा झाली की विसरलो. इथे जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ती आकृती पायाखाली होती. वर बर्फ, बर्फाच्या लगत शून्य अंशाचं पाणी, आणि जड म्हणून तळाशी गेलेलं चार अंशांचं. बास त्या खालच्या पाण्यात हिवाळा काढतो. अंगातली सगळी चक्रं मंदावलेली, खाणं नावापुरतं. लोक बर्फाला भोकं पाडून, वर तंबू ठोकून बसतात. मी दोनदा बसलो. गुडघे आहेत तोवर पुन्हा बसणार नाही.

एप्रिलपासून मी थर्मामीटर घेऊन हिंडतो. इथल्या जुन्या गळवाल्यांशी बोलताना हवामानाचं कौतुक कोणी करत नाही, पाणी किती झालं ते विचारतात. पंधरा ते अठरा अंशांच्या दरम्यान पाणी आलं की नर उथळ्यावर येतो, शेपटीनं तळ झाडून परातीएवढं गोल घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं नराकडे: अंड्यांवर पंख हलवत राहायचं, येईल त्याला हाकलायचं, आणि पिल्लं निघाली की त्यांच्या थव्याभोवती फेऱ्या घालायच्या.

हे मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. मे महिना होता, पाणी काचेसारखं. काठापासून दहा हातांवर एक मोठा बास एकाच जागी उभा दिसला. मी अळी टाकली, त्यानं उचलली, दोन हात लांब नेऊन टाकून दिली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. भूक नव्हती त्याला, तो अंगणातली घाण बाहेर टाकत होता. तिसऱ्यांदा गरी लागली. अंगठा जबड्यात घालून धरला, फोटो काढले, एक नीट आला नाही म्हणून आणखी काढले. मग हात ओला करून, नियमाप्रमाणे, हळुवार सोडला. आणि घरट्याकडे बघितलं तर पंधरा-वीस ब्लूगिल, आपल्या तळहाताएवढे चपटे मासे, तिथे डोकी खाली घालून चरत होते. बास परत आला, ते पांगले. त्याला राखायला किती उरलं होतं कोण जाणे.

मला मामा आठवला. मरळही पिल्लं राखते. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका खळबळताना दिसला की खाली मरळ असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि धरायलाही ती तेव्हाच सोपी. मामा अशा वेळी गरी काढून घ्यायचा. "लेकुरवाळी हाये," एवढंच म्हणायचा. तो धरलेलं सगळं खाणारा, मी धरलेलं सगळं सोडणारा. त्या दिवशी हिशेब मांडला तर मीच बाकीत निघालो. तेव्हापासून मे महिन्यात घरटं दिसलं की मी काठी गुंडाळतो.

शरद ऋतूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वरचं पाणी गार होऊन खाली जातं, तळं ढवळून निघतं, मासा कुठेही असू शकतो, म्हणजे मला कुठेच मिळत नाही. झाडं मात्र पाहण्यासारखी असतात.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आई आली. तिच्या नावाचा एका दिवसाचा परवाना काढला आणि पहाटे तळ्यावर नेलं. उन्हाळ्यात बास कमळाच्या पानांच्या सावलीत दबा धरतो, म्हणून मी रबरी बेडूक पानांवरून ओढत होतो. यात गोम अशी की पाणी फुटून बेडूक नाहीसा झाला तरी लगेच झटका द्यायचा नाही, क्षणभर थांबायचं. मला हे नऊ वर्षांत जमलेलं नाही. आईला पहिल्याच खेपेला जमलं, कारण ती तेव्हा मला जॉर्ज पेरीबद्दल विचारत होती. मी तिला सांगत होतो, २ जून १९३२ रोजी जॉर्जियात या माणसानं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, दहा किलोंच्या वर. तो विक्रम जपानच्या बिवा सरोवरात २००९ साली बरोबरीत आला, इतकाच.

"त्यानं काय केलं मंग त्याचं?"

"घरी नेऊन खाल्ला."

"शहाणा होता," आई म्हणाली, आणि काठी वाकली.

बास पंधरा इंच भरला. इथे चौदाच्या वर असला की हंगामात घरी नेता येतो. मी सोडायला वाकलो तर तिनं मनगट धरलं. त्या संध्याकाळी तिनं रस्सा केला, गावाहून आणलेल्या मसाल्याचा, वर कोथिंबीर. पहिला घास घेऊन ती बराच वेळ चावत राहिली.

"गवताचा वास येते," ती म्हणाली. मग ताट जरा पुढे सारून, "आता समजलं मले तू काहून सोडतं ते."