पोस्टरांचा रविवार

आमच्या मिरजेच्या मंडळाचं वार्षिक संगीत संमेलन म्हटलं की लोकांना रात्रीची मैफल आठवते. कार्यकारिणीतल्या जुन्या मंडळींना मात्र तिच्या तीन आठवडे आधीचा रविवार अधिक जवळचा. त्या दिवशी सांगली-कोल्हापूरची आणि इथली उपयोजित कलेची, म्हणजे जाहिरात-पोस्टरांची कला शिकणारी मुलं संमेलनासाठी केलेली पोस्टरं घेऊन येतात, त्यांचं परीक्षण होतं आणि पहिलं आलेलं पोस्टर खरोखर छापून गावभर लागतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ हे सगळं दरवर्षी होतं आणि ठरल्यापेक्षा लांबतं. त्याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

परीक्षक तीन, आणि ते कुठून घ्यायचे हे पहिल्यापासून ठरलेलं. एक चित्रकला महाविद्यालयातले सर, एक छापखानावाले आणि एक सतारमेकर गल्लीतले कारागीर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. तिसऱ्या नावावर बाहेरगावच्या लोकांच्या भुवया उंचावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, तेव्हापासून जरा कमी उंचावतात. आम्हाला मात्र त्याआधीही शंका नव्हती. वाद्य चुकलेलं पोस्टर या गावात लागलं, तर दुसऱ्या दिवशी दुकानादुकानांतून हसू होतं.

पोस्टरं ए-3 आकाराची, म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटर, उभीच घेतो. सुतळीला चिमट्यांनी अशी टांगायची की कागदाचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येईल. नावं मागच्या बाजूला, पुढं फक्त क्रमांक. दहा फुटांवर खडूची रेघ मारलेली असते आणि पहिल्या फेरीत परीक्षकांनी ती ओलांडायची नाही. प्रत्येक पोस्टरला पाच सेकंद. मग पाठ करून चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या: कोण गाणार, कधी, कुठं. तिघांपैकी दोघांना हे लिहिता आलं नाही तर पोस्टर कितीही देखणं असो, पुढं जात नाही. इथंच दरवर्षी निम्मी पोस्टरं गळतात, आणि गळणाऱ्यांत सगळ्यात मेहनतीनं केलेली बरीच असतात. दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर इंचभर उंच हवं, हे फळ्यावर ठळक लिहिलेलं असतं. तरी कलाकाराचं नाव अर्ध्या इंचात आणि मागं धुक्यातला मोर पूर्ण पानभर, असं येतंच.

दुसरी फेरी जवळून. शंभर गुणांपैकी वाचनीयतेला 30, संगीताशी असलेल्या नात्याला 25, अक्षरांकनाला, म्हणजे अक्षरांच्या घडणीला 20, रचना आणि रंगाला 15, छपाईच्या तयारीला 10. सुरुवातीला तिघांचे गुण सरळ मिळवले जायचे. त्यात गोम अशी, की सर 40 ते 90 असे मोकळ्या हाताने वरखाली गुण देतात आणि छापखानावाले सगळ्यांना 60 ते 70 च्या आत बसवतात. बेरीज केली की निकाल एकट्या सरांचाच लागतो. म्हणून आता प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून आधी त्याचा क्रम लावतो आणि ते क्रम मिळवतो. बरोबरी झाली तर तिघं त्या दोन पोस्टरांसमोर उभे राहून बोलतात, आणि ते बोलणं मुलांना ऐकू द्यायचं हा नियम.

अक्षरांच्या बाबतीत सर फार कडक. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेल्या अक्षरांची कात्रणं त्यांच्या फाईलमध्ये असतात; नाटकाचा स्वभाव नुसत्या शीर्षकातून कसा कळतो ते दाखवायला ती ते बाहेर काढतात. मग मुलांच्या चुका. इंग्रजी अक्षरांसारखी देवनागरी सुटी सुटी केली की शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे होतात. दोन ओळींत अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो. इंग्रजीला पुरतं तेवढं अंतर आपल्याला पुरत नाही. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू केली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि ‘शास्त्रीय’चं ‘शास्‌त्‌रीय’ होतं. आणि मराठी पोस्टरवर हिंदी वळणाचे ल आणि श दिसले की सर त्यावर पेन्सिलीनं गोल करतात. 2009 च्या शासन निर्णयात आपली वळणं ठरवून दिली आहेत, फुकट मिळणाऱ्या युनिकोड फॉन्टमध्ये ती असतातही. निवडायचे कष्ट घ्यायला हवेत.

छापखानावाल्यांचा भाग रुक्ष, पण ऐकावा असा. पडद्यावरचा झगझगीत जांभळा आणि पोपटी छापल्यावर मळकट होतो, कारण पडदा उजेडाचे रंग दाखवतो आणि मशीन शाईचे चार. चारही शाया मिळून केलेल्या काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं ठेवली, तर रजिस्टर, म्हणजे शायांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, केसभर हललं की ती बुजतात. कटिंगसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जास्त सोडायचं. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, ए-3 म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेल. मोबाइलवर फोटो म्हणून आलेली फाईल तेवढी राहत नाही, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्यायची. फॉन्टचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या चित्ररेषा करून द्यायचे, नाहीतर दुसऱ्या संगणकावर नावाच्या जागी भलतंच काही उमटतं. त्यांची आवडती परीक्षा मात्र झेरॉक्सची. प्रत्येक पोस्टरची काळी-पांढरी ए-4 प्रत काढायची. काळ्यावर लाल अक्षरं घेणारे तिथं सापडतात, कारण झेरॉक्समध्ये दोन्ही काळंच येतं. शाळा, वाचनालयं, बसस्टँड इथं आमची जाहिरात तशाच प्रतींनी पोचते, त्यामुळं ही परीक्षा गंमत म्हणून घेतलेली नाही.

आणि मग चाचा. निकाल जाहीर झाला, प्रमाणपत्रं वाटली, की ते उठतात. माइक घेत नाहीत. बगलेत एक तंबोरा असतो, कधी नुसती दांडी आणि भोपळा, अजून रंग न दिलेला. त्यांचं बोलणं ऐकायचं म्हणून आम्ही काही जण वर्षभर थांबलेले असतो.

ते बक्षीस मिळालेल्या पोस्टरकडे जात नाहीत, गळलेल्यांपासून सुरू करतात. “बाळ, हा तंबोरा काढलास की सतार?” मूल म्हणतं, तंबोरा. “मग पडदे कशाला बांधलेस? आणि बांधलेस तर तरफा कुठं?” हशा होतो, कारण बोटं ठेवायचे पडदे आणि खालच्या बारीक तारा, म्हणजे तरफा, सतारीला असतात, तंबोऱ्याला नाही. पण ते त्या मुलाला पुढं बोलावतात, तंबोरा त्याच्या मांडीवर देतात आणि बोट धरून दाखवतात: चार तारा, चार खुंट्या, घोडी इथं, हे मणी बारीक सूर मिळवायला, आणि तारेखाली हा दोरा. दोरा सरकवतात, तार छेडतात, परत सरकवतात. एका जागी आवाज अचानक उघडतो, जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंजणारी आस, बोलायला लागते. चाचा म्हणतात, “आता हे काढ.” याच्यावर सभागृहात दरवर्षी शांतता पसरते आणि दरवर्षी डोळ्यांत पाणी येतं. ठाऊक असूनही येतं.

त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. तबल्याची शाई मधोमध, डग्ग्याची एका बाजूला. मुलं दोन्ही मधोमध काढतात. मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारा भोपळा कसा बसका आणि रुंद असतो ते हातानं दाखवतात, कारण पोस्टरांत तो हमखास कलिंगडासारखा येतो. अभंगवाणीच्या पोस्टरवर वीणेकऱ्याच्या गळ्यात वारकऱ्यांच्या साध्या वीणेऐवजी सरस्वतीची वीणा अडकवलेली असते, तेव्हा ते नुसते कपाळाला हात लावतात. जागेसाठी फोटो उलटा केला की तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे जातो, वादक डावखुरा होतो. याचा उलटा दाखला म्हणजे पं. हरिप्रसाद चौरसिया. ते बासरी डाव्या बाजूला धरतात. ‘सरळ’ करायच्या नादात त्यांचा फोटो फिरवला तर फसलात. अलीकडे एआयची चित्रं येतात. त्यांत तारा घोडीपर्यंत पोचतच नाहीत आणि वादकाच्या हाताला एखादं बोट जास्त असतं. आम्ही बंदी घातलेली नाही, अर्जावर लिहायला सांगतो. चाचांना अर्ज बघावा लागत नाही.

सकाळच्या मैफलीला चंद्र, सकाळच्या भैरव रागाच्या वेळेला दिवेलागण, हेही ते पकडतात. पण त्यांचा खरा राग साथीदारांच्या नावांवरून. गायकाचं नाव तीन इंच आणि तबला-संवादिनीवाल्यांची नावं प्रायोजकांच्या चिन्हांखाली, मुंगीच्या पावलाएवढी. यावरून आम्ही नियमच केला: साथीदारांची अक्षरं मुख्य नावाच्या निदान निम्मी, आणि क्यूआर कोडपेक्षा वर. तारखेपुढचा वार दिनदर्शिकेत बघून लिहावा, हाही नियम. इतका साधा नियम करावा लागला, यातच सगळं आलं.

आता थोडं बोचरं. परीक्षण संपेपर्यंत सभागृह भरलेलं असतं. निकाल लागला की जिंकलेले फोटो काढायला बाहेर, हरलेले बसस्टँडकडे, आणि आमचे मान्यवर सभासद वड्यांचा वास आला की खाली. चाचा बोलायला उभे राहतात तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या. संगीताच्या वर्गातली मुलं तर येतच नाहीत. त्यांना वाटतं हा चित्रकलेचा कार्यक्रम. पहिली रांग आरक्षित ठेवायचा हट्ट ज्यांचा असतो, त्यांना त्या रांगेत शेवटपर्यंत बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. एक वर्ष चाचांना निकालाआधी बोलायला सांगावं असा ठराव आला होता. चाचाच नको म्हणाले. निकालाकडे कान लागलेले असताना मुलं ऐकत नाहीत, त्यांचं हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

हातभार लावणाऱ्यांची नावं त्यांनीच घालू नका म्हटलंय, पण उल्लेख राहिला तर चैन पडणार नाही. सुतळी आणि चिमटे पुरवणारे मंडपवाले, आणि शिडी धरणारा त्यांचा पुतण्या. रविवार असूनही दुकान उघडून झेरॉक्स काढणारे काका, जे वाया गेलेल्या प्रतींचे पैसे लावत नाहीत. गुणांची बेरीज करणाऱ्या बँकेतल्या निवृत्त ताई आणि ती पुन्हा तपासणारे त्यांचे यजमान. वडे करणाऱ्या मावशी; उपवासवाल्यांसाठी खिचडी वेगळी ठेवणाऱ्या त्यांच्या सूनबाई. सभागृहाचे शिपाईमामा, जे दिवे बंद करायची वेळ झाली तरी चाचांचं बोलणं संपेपर्यंत किल्ल्या वाजवत नाहीत. चाचांना स्कूटरवरून आणणारा आणि मांडीवर तंबोरा धरून मागं बसणारा, दोघंही. प्रमाणपत्रांवर सुलेखन करणारी माजी विद्यार्थिनी. बक्षिसाची रक्कम नाव न सांगता देणारे ते डॉक्टर. पोस्टरं चिकटवायला पहाटे खळ शिजवणारी तरुण मुलं. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचं त्यांनीच शोधलं, त्यामुळं झुरळं कागद खात नाहीत. पावसाच्या वर्षी प्लास्टिक देणारे खतांचे दुकानदार. कुणी सुटलं असेल तर कार्यालयात कळवा, पुढच्या अहवालात घालू.

परत न नेलेली पोस्टरं कार्यालयाच्या लोखंडी कपाटात क्रमांकानुसार ठेवली आहेत. महाविद्यालयांनी संमेलनाआधी, संध्याकाळी सहा ते आठ या वेळात ती घेऊन जावीत. सर्वांत वरच्या कप्प्यातली द्यायची नाहीत. ती चाचांनी बाजूला काढलेली आहेत, यंदा त्यांच्यावर बोलायचं म्हणून.