यिर्रकलाची शाळा: ईशान्य आर्नहेम लँडला जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांमधल्या सरकारी शाळांबद्दल इथे राहणारा मराठी माणूस जे काही ऐकतो ते बातम्यांतून, आणि बातम्यांत दोनच गोष्टी असतात: मुलांची हजेरी आणि नॅपलान या देशभरच्या परीक्षेतले गुण. दोन्ही वाईट, एवढंच लक्षात राहतं. मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. घरी कोरकू बोलणारी मुलं पहिलीत मराठी पुस्तक उघडून कशी गप्प बसतात ते रोज पाहिलं आहे. त्यामुळे त्या आकड्यांवर माझा कधीच पूर्ण विश्वास बसला नाही. गेल्या कोरड्या हंगामात यिर्रकलाला जायची संधी मिळाली. तिथे जे पाहिलं ते आणि जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते इथे लिहितो आहे.

आधी परवान्याचं. यिर्रकला हे नॉर्दर्न टेरिटरीच्या ईशान्य टोकाला, आर्नहेम लँडमध्ये आहे. 1976 च्या जमीन हक्क कायद्यामुळे ही सगळी जमीन मूळ मालकांच्या नावावर आहे, म्हणजे आपण सरकारी जंगलात नाही, कुणाच्या तरी घरच्या जमिनीवर पाऊल टाकत असतो. वस्त्यांमध्ये जायला किंवा तिथून गाडी न्यायला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो. अर्ज निदान दोन-तीन आठवडे आधी करा. नुलुनबॉय हे बॉक्साइटच्या खाणीसाठी वसवलेलं गाव, तिथे राहायला परवाना लागत नाही. मात्र आसपासच्या समुद्रकिनाऱ्यांवर फिरायचं असेल तर धिमुर्रू या संस्थेचा वेगळा परवाना घ्यावा लागतो.

शाळेसाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. परवाना आहे म्हणून थेट शाळेच्या फाटकात जाऊन उभं राहू नये. मुख्याध्यापकांना काही महिने आधी पत्र लिहा: आपण कोण, का यायचं आहे, शाळेला आपला काय उपयोग. वर्गात मुलांबरोबर काम करणार असाल तर टेरिटरीचं ओकर कार्ड, म्हणजे मुलांसोबत काम करायची मंजुरी, हातात असलंच पाहिजे. इतर राज्यांतलं कार्ड असलं तरी विचारून घ्या.

डार्विनहून नुलुनबॉयजवळच्या गोव्ह विमानतळावर जायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. रस्त्यानेही जाता येतं: कॅथरीनच्या दक्षिणेला स्टुअर्ट हायवे सोडायचा आणि सेंट्रल आर्नहेम रोडने जवळपास 700 किलोमीटर, बहुतेक कच्च्या रस्त्याने, नद्या ओलांडत जायचं. स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह, दोन सुटी चाकं आणि भरपूर पाणी असेल तरच या वाटेला जा. भाड्याच्या गाड्यांना बहुधा या रस्त्याची परवानगी नसते. पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, रस्ता बंदच समजा. मी विमानाने गेलो आणि शाळा पाहायला येणाऱ्यांनी तेच करावं असं माझं मत आहे. वाटेत दमून पोचलेला पाहुणा वर्गात काही कामाचा नसतो.

नुलुनबॉयहून यिर्रकला गाडीने वीसेक मिनिटांवर. 1935 साली मेथडिस्ट मिशनने इथे ठाणं उभारलं. 1963 मध्ये खाणीसाठी जमीन परस्पर दिली गेली तेव्हा योलंगू लोकांनी, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींनी, संसदेला अर्ज पाठवला. मजकूर स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीत टाइप केलेला, झाडाच्या सालीवर चिकटवलेला, भोवती कुळांची चित्रं रंगवलेली. त्या अर्जांना संसदेने कागदपत्र म्हणून मान्यता दिली. जमीन मात्र तेव्हा परत मिळाली नाही, 1971 चा खटलाही ते हरले. शाळा पाहण्याआधी बुकु-लार्नगाय मुल्का या कलाकेंद्रात जा. तिथल्या संग्रहालयात चर्चसाठी त्याच काळात रंगवलेले दोन भलेमोठे फलक आहेत, एक धुवा कुळांचा आणि एक यिरिचा कुळांचा. योलंगू जगातली प्रत्येक गोष्ट, माणूस, मासा, वारा, जमिनीचा तुकडा, या दोहोंपैकी एका बाजूची असते. हे डोळ्यांनी पाहून गेलात तर वर्गात काय चाललं आहे ते कळेल.

मला ते कळलं खालच्या इयत्तेतल्या एका तासाला. योलंगू बाई मुलांबरोबर जमिनीवर बसल्या होत्या आणि बलंडा शिक्षिका (योलंगू नसलेल्यांना तिथे बलंडा म्हणतात) मागे मुलांमध्ये बसलेली. बाईंनी दोन रंगांची कार्डं पसरली. एका मुलीने पहिलं कार्ड स्वतःचं ठेवलं, धुवा. त्याच्या वर आईचं, यिरिचा, कारण नवरा-बायको कधी एका बाजूचे नसतात आणि मूल वडिलांच्या बाजूचं होतं. आईच्या आईचं पुन्हा धुवा. ही आजी म्हणजे मारि, आणि मारि आणि तिची नात यांचं नातं योलंगू समाजात फार मोलाचं. कार्डं चढत गेली. बाईंनी विचारलं, तुझ्यापासून सात पायऱ्या वर कोण? तिथे कार्ड नव्हतंच. मुलगी क्षणभरही न थांबता म्हणाली, यिरिचा. मग बलंडा शिक्षिकेने तेच फळ्यावर इंग्रजीत मांडलं: सम, विषम, सम, विषम. मुलांना ते नव्याने शिकायचं नव्हतं, फक्त त्याला इंग्रजी नाव द्यायचं होतं.

नात्यांची ही गुंफण, गुर्रुतु, आणि जमिनीवरच्या जागांची मांडणी यांच्यावर गणिताचा अभ्यासक्रम यिर्रकलाच्या योलंगू शिक्षकांनीच 1980 च्या दशकापासून उभा केला. त्याला गर्मा गणित म्हणतात. गाल्था कार्यशाळांमध्ये वडीलधारी मंडळी विषय आणि जागा ठरवतात आणि शाळाच त्या जागी जाते. आता लर्निंग ऑन कंट्री या उपक्रमात मोठी मुलं वनरक्षकांसोबत किनाऱ्यावर काम करतात. या सगळ्यामागे मंदावुय युनुपिंगू यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आर्नहेम लँडमधून विद्यापीठाची पदवी घेणारे ते पहिले योलंगू, 1990 मध्ये ते याच शाळेचे मुख्याध्यापक झाले, आणि टेरिटरीतले पहिले आदिवासी मुख्याध्यापक ठरले. गायक म्हणून त्यांना जग ओळखतं, गावात त्यांना शिक्षक म्हणून मान आहे.

मला सांगायची मुख्य गोष्ट इथेच आहे. दुर्गम शाळांमध्ये बाहेरून आलेला शिक्षक वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. मुख्याध्यापक बदलतात, धोरणं बदलतात. टिकतात ते योलंगू शिक्षक. शाळेची आठवण त्यांच्याकडे असते: कोणतं मूल कुणाचं, कुणाच्या कानाचं ऑपरेशन झालं, कोणत्या घरात मृत्यू झाला आहे. केंद्रातल्या व्हिटलम सरकारने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला द्विभाषिक शिक्षण सुरू केलं. बॅचलर गावातल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षक थेट वस्तीत येऊन स्थानिक शिक्षक घडवू लागले, तेव्हा अशा शिक्षकांची एक पिढी उभी राहिली. 1998 मध्ये टेरिटरी सरकारने द्विभाषिक शाळा गुंडाळायचं ठरवलं. विरोध झाला, काही शाळा तगल्या. 2008 मध्ये नॅपलानचे पहिले निकाल आले आणि रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवायचे असा हुकूम निघाला. यिर्रकलाच्या शिक्षकांनी उघड विरोध केला आणि आपली भाषा वर्गात ठेवली. 2020 मध्ये याच शाळेच्या आठ विद्यार्थ्यांनी बारावी पूर्ण करून विद्यापीठ प्रवेशाचे गुण मिळवले. गावात हे पहिल्यांदाच घडलं. योलंगू भाषा बाजूला सारल्याशिवाय मुलं पुढे जाणार नाहीत, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी या आठ जणांकडे पाहावं.

शाळेतली मला सर्वांत आवडलेली खोली पुस्तकं बनवायची. मासे पकडण्याच्या गोष्टी, आजीने सांगितलेल्या गोष्टी, मुलांनी काढलेली चित्रं. 1970 च्या दशकापासून इथे योलंगू भाषांत पुस्तकं छापली गेली आहेत. आधी गुमाज भाषेत, मग मुलं प्रत्यक्ष बोलतात त्या धुवाया बोलीतही. जाण्याआधी एक काम नक्की करा: चार्ल्स डार्विन विद्यापीठाने अशा पुस्तकांचा लिव्हिंग आर्काइव्ह इंटरनेटवर ठेवला आहे. फुकट आहे. दहा पुस्तकं चाळून गेलात तरी मुलं काय बोलत आहेत त्याचा अंदाज येतो.

वर्गातली आणखी एक गोष्ट. शिक्षिकेच्या गळ्यात मायक्रोफोन होता आणि भिंतीवर लहान स्पीकर. इथल्या मुलांमध्ये कान फुटण्याचं प्रमाण फार आहे आणि त्यातून ऐकू कमी येतं. तुमच्या प्रश्नाला मूल उत्तर देत नसेल तर ते लाजरं किंवा मंद आहे असं धरू नका. समोर बसा, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला. आणि थेट प्रश्नांची सरबत्ती तर करूच नका. ती तिथे उद्धटपणाची समजतात.

होमलँडच्या शाळेत एकच दिवस जाता आलं. 1970 च्या दशकात, खाण आल्यावर, अनेक कुटुंबं मिशन सोडून आपापल्या कुळाच्या जमिनीवर परत गेली. गानगान, बानियाला अशा वस्त्या त्यातून उभ्या राहिल्या. मागोमाग शाळा गेली. रोज शिकवणारे तिथलेच, आणि बाहेरचा शिक्षक छोट्या विमानाने किंवा गाडीने येऊन काही दिवस राहणारा. आम्ही गेलो तिथे एका मोठ्या खोलीत सगळ्या वयांची मुलं होती. मधल्या सुट्टीत शाळेतच शिजवलेलं जेवण झालं, भांडी मोठ्या मुलांनी घासली. याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण होमलँडला पाहुणा म्हणून जायचं तर तिथल्या कुटुंबाचं आमंत्रण हवं, आणि ते मिळालं तर त्यांच्याकडूनच सगळं समजेल.

पैशाचं एक समजून घ्या. 2015 पासून टेरिटरीतल्या सरकारी शाळांना पैसा पटावर नाही तर हजेरीवर मिळत असे. अंत्यविधीसाठी कुटुंब दूर गेलं की मूल गैरहजर, की शाळेचा पैसा कमी, की शिक्षक कमी. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच कात्री. ती पद्धत आता मोडीत काढली आहे आणि 2029 पर्यंत पूर्ण निधी द्यायचा करार केंद्र आणि टेरिटरी सरकारांनी 2024 मध्ये केला. यिर्रकलातली माणसं यावर आशेने पण सावधपणे बोलतात.

अंत्यविधीचा उल्लेख आलाच, तर तारखा ठरवताना मोकळे दिवस राखून ठेवा. गावात कुणी गेलं तर विधी कित्येक दिवस, कधी आठवडे चालतात. शिक्षक येत नाहीत, काही भागात बाहेरच्यांनी फिरायचं नसतं, आणि तुमची भेट रद्द होऊ शकते. कुरकुर न करता मागे फिरा. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारू नका, फोटो दाखवू नका. युनुपिंगू 2013 मध्ये गेले तेव्हा वर्तमानपत्रांनीही त्यांचं पहिलं नाव काही काळ छापलं नव्हतं. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि हो म्हटलं तरी फेसबुकवर टाकायला वेगळी परवानगी लागते. दारू नेऊ नका; गोव्ह परिसरात बाटली विकत घ्यायलाही वेगळा परवाना आहे आणि वस्तीत बंदी मोडल्यास जबर दंड होतो. किनारा कितीही सुंदर दिसला तरी पाण्यात उतरू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

केव्हा जावं? मे-जूनचे आठवडे उत्तम. जूनच्या अखेरीपासून तीन-चार आठवडे शाळेला सुट्टी असते. ऑगस्टच्या सुरुवातीला गुल्कुलाला गर्मा महोत्सव भरतो, तो 1999 पासून चालू आहे आणि जरूर पाहावा असा आहे, पण त्या दिवसांत शाळेत भेट मागू नका, सगळी मंडळी तिकडे असतात. राहणं-खाणं महाग आहे, बहुतेक माल डार्विनहून बार्जने येतो. शाकाहारी असाल तर डाळ, मसाले, पोहे बरोबर ठेवा. वाटून खा, मुलांना चिवडा आवडला.

शेवटचं, इथे शिक्षक असलेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. या शाळांना शिक्षक हवेच असतात, घर मिळतं, भत्तेही मिळतात. दोन वर्षांच्या आत सोडायचा विचार असेल तर जाऊ नका. मुलाखतीत पगाराआधी हे विचारा: शाळेत योलंगू शिक्षक किती आहेत, माझ्या वर्गात माझ्यासोबत कोण शिकवणार, आणि दोघांनी मिळून धडा आखायला आठवड्यात वेळ राखून ठेवला आहे का. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी शाळा शोधा. भारतातली पदवी टेरिटरीच्या शिक्षक नोंदणी मंडळाकडून तपासून घ्यायला काही महिने लागू शकतात, म्हणून पुढच्या जानेवारीअखेरीस रुजू व्हायचं असेल तर कागदपत्रं जूनमध्येच पाठवा.