दरमहा पैसे कापले जात होते, तरी बिल फिटत नव्हतं

जानेवारीत आम्हा करसल्लागारांच्या कार्यालयात नोकरदारांची रीघ लागते. विमा, पीपीएफ, गृहकर्जाचे दाखले द्यायचे आणि निघायचं. २२ तारखेला आलेले जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी मात्र दाखले देऊन झाल्यावरही बसून राहिले.

"दुकानात माझं क्रेडिट कार्ड चालेना. लिमिट पुरत नाही म्हणाले. लिमिट ७५ हजारांचं आहे आणि मी महिन्याला सहा हजारांच्या आसपासच वापरतो. बिल तर खात्यातून आपोआप कापलं जातं."

बँकेचा खातेउतारा समोरच होता. कार्डाच्या नावावर गेलेल्या रकमांवर पेन्सिलीने खुणा केल्या. ऑगस्टमध्ये ५,१३३, सप्टेंबरमध्ये ४,३२९, ऑक्टोबरमध्ये ४,६७०, डिसेंबरमध्ये ५,३०४, जानेवारीत ५,५२१. सहा हजार वापरणाऱ्याच्या खात्यातून पाच हजार गेले, तर त्याला वाटणारच की बिल फिटलं. गुरुजींची शंका इथेच झोपली होती. पण जुलैची रक्कम वेगळी होती, बरोबर २,०००.

"कार्डावर पहिली खरेदी कसली केलीत?"

"फ्रिज. चाळीस हजारांचा."

चाळीस हजारांचे ५ टक्के म्हणजे दोन हजार, म्हणजेच बिलाची किमान रक्कम. पुढचं विचारायची गरज उरली नाही. कार्डाच्या ॲपमध्ये ऑटोपेची नोंद उघडली, तर तिथे 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे किमान देय रक्कम, लिहिलेलं होतं. कार्ड घेताना भरलेल्या फॉर्मवर दोन चौकोन असतात, एक पूर्ण रकमेचा आणि एक किमान रकमेचा. फॉर्म भरून घेणाऱ्याने दुसऱ्यावर टिक केली आणि गुरुजींनी सही केली. ईमेलवर येणारी बिलं त्यांनी कधी उघडलीच नव्हती. पासवर्ड टाकून पीडीएफ उघडायचा कंटाळा बहुतेकांना असतो, आणि 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा संदेश तर दरमहा येतच होता.

आठही बिलं तिथेच उघडली. पहिल्या दोन बिलांचा हिशेब नीट मांडतो, कारण सगळी गोम त्यातच आहे.

फ्रिजची खरेदी २५ मेची. बिल १८ जूनला, भरायची शेवटची तारीख ८ जुलै. त्या दिवशी ४०,००० भरले असते तर व्याज शून्य. २,००० भरले गेले, ३८,००० राहिले. इथे लोक समजतात की व्याज ८ जुलैनंतर सुरू होईल. तसं होत नाही. पूर्ण बिल न भरल्यास बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. या कार्डाचा दर महिना ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२. २५ मे ते १८ जुलै हे ५४ दिवस. ३८,००० गुणिले ०.४३२ गुणिले ५४, भागिले ३६५. आले २,४२९. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३७. दोन हजार भरले आणि पहिल्याच महिन्यात २,८६६ चढले.

दुसरी गोष्ट याहून घातक. १० जुलैला त्यांनी ६,००० चं औषध आणि किराणा घेतला. मागचं बिल पूर्ण फिटलं असतं तर या पैशांना ७ ऑगस्टपर्यंत व्याज नव्हतं. पण मागची बाकी उभी होती, म्हणून या खरेदीवरही त्याच दिवसापासून व्याज लागलं. आठ दिवसांचे ५७ रुपये. रक्कम किरकोळ दिसते, पण पुढे केलेल्या प्रत्येक खरेदीचं हेच झालं. बाकी उभी असताना कार्ड वापरणं म्हणजे किराणा ४३ टक्क्यांच्या कर्जावर आणणं.

ऑगस्टमध्ये गेलेल्या ५,१३३ ची फोड अशी: व्याज २,४८६, जीएसटी ४४७ आणि मुद्दल फक्त २,२००. किमान रकमेत व्याज, शुल्क आणि कर आधी धरावेच लागतात, नाहीतर बाकी भरूनही वाढत जाईल. तसं होऊ द्यायचं नाही असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहे. गुरुजी मात्र दरमहा सहा हजारांची भर घालत होते. १८ जानेवारीचं बिल ६६,८०२ वर पोचलं होतं. आठ बिलांत मिळून व्याज १४,१४२, जीएसटी २,५४६. फ्रिज अजून जवळपास तसाच अंगावर होता. त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

"एवढं व्याज कायद्यात बसतं का?" त्यांनी विचारलं. बसतं. ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे दरावर भांडण्यात अर्थ नव्हता.

एक रक्कम मात्र भांडण्याजोगी होती. ७ नोव्हेंबरचा ऑटोपे परत गेला होता, दिवाळीच्या खर्चानंतर खात्यात शिल्लक नव्हती. गुरुजींनी संदेश पाहून ९ तारखेला यूपीआयने ४,९२७ भरले. तरीही बिलात विलंबशुल्क १,१०० अधिक जीएसटी १९८, शिवाय ऑटोपे परतीचं शुल्क ५०० अधिक जीएसटी ९०. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकबाकी राहिली तरच विलंबशुल्क लावता येतं, हे त्याच निर्देशांत स्पष्ट आहे. इथे दोनच दिवस झाले होते. फोनवर उत्तर मिळालं की सिस्टीमने लावलंय. म्हणून फोन ठेवला आणि लेखी तक्रार केली: बिलाची तारीख, देय तारीख, भरल्याची तारीख, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, नियमाचा उल्लेख आणि 'जीएसटीसह परत करा' हे एक वाक्य. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. ती वेळ आली नाही. नवव्या दिवशी बँक खात्यात १,२९८ परत जमा झाले. परतीचे ५९० मिळाले नाहीत, ते शुल्क नियमात बसत होतं.

आता ६६,८०२ चं काय? गुरुजींना एका सहकाऱ्याने दुसऱ्या कार्डावर एटीएममधून रोख काढायला सुचवलं होतं. रोखीवर २.५ टक्के किंवा किमान ५०० च्या आसपास शुल्क लागतं आणि व्याज त्याच क्षणी सुरू होतं. तो मार्ग लगेच बंद केला. त्यांच्या शिक्षक पतसंस्थेचं कर्ज ११ टक्क्यांनी मिळत होतं. साठ हजारांवर कार्डाचं महिन्याचं व्याज जीएसटीसह २,५४९, पतसंस्थेचं ५५०. कर्ज साठ हजारांचं घेतलं, वरचे ६,८०२ बचतीतून. २७ जानेवारीला पूर्ण बिल भरलं.

निघताना त्यांना एक गोष्ट दोनदा सांगितली. पुढचं बिल शून्य येणार नाही. १८ ते २७ जानेवारी या नऊ दिवसांचं व्याज अजून बिलात आलेलं नाही. बिलातलं व्याज आणि जीएसटी वगळून उरलेल्या ६४,१३३ च्या मुद्दलावर ते ६८३ होतं, जीएसटीसह ८०६. अनेकजण 'मी सगळं भरलंय, आता एक रुपया देणार नाही' म्हणून चिडून बसतात आणि या आठशेपायी नवीन विलंबशुल्क ओढवून घेतात, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो वेगळाच. ते बिल भरून होईपर्यंत कार्ड कपाटात ठेवायचं.

ऑटोपे 'टोटल अमाउंट ड्यू'वर बदलायचा अर्ज त्याच दिवशी दिला. असा बदल लागू व्हायला एखादं बिल जाऊ शकतं, तोवर हाताने भरायचं. सोबत बिलाची तारीख १८ वरून २५ करून घेतली. पगार कधी पाच, कधी दहा तारखेला होतो आणि देय तारीख सातला, हा मेळ मुळातच चुकीचा होता. आता देय तारीख १५ च्या सुमाराला येते. बिलाचं चक्र बदलून मागायचा हक्क कार्डधारकाला आहे, पण फार कमी लोक तो वापरतात.

फेब्रुवारीचं बिल ८०६ चंच आलं. गुरुजींनी ते भरून पावतीचा फोटो पाठवला. त्याखाली दुसरा फोटो होता, त्यांच्याच शाळेतल्या एका बाईंच्या ऑटोपेच्या नोंदीचा: मिनिमम अमाउंट ड्यू.