ग्रीनवरची दुधी आणि कुंपणापलीकडची पऱ्हाटी

वर्धा जिल्ह्यातील एका खासगी गोल्फ मैदानाच्या गवताची देखभाल माझ्याकडे आहे. तारेच्या कुंपणाला लागूनच पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची शेते आहेत, त्यामुळे ग्रीनवरील, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरील, रुंद पानांच्या तणांवर काय फवारायचे, हे ठरवताना शेजाऱ्याच्या पिकाकडेही पाहावे लागते.

आमच्या ग्रीनवर टिफड्वार्फ ही १९६५ साली अमेरिकेतील जॉर्जियात प्रसारित झालेली बुटकी हरळी आहे आणि ती सुमारे चार मिलिमीटर उंचीवर कापावी लागते. श्रावणात झड लागली की कापणी खोळंबते आणि तेवढ्यात लहान दुधी, आंबोटी आणि घोळ ही तणे डोके वर काढतात. त्यातली दुधी तर जमिनीला इतकी चिकटून पसरते की यंत्राचे पाते तिच्यावरून नुसते निघून जाते. खेळाडू ज्या बाजूने ग्रीनवरून उतरतात तिथली गवताखालची वाळू पायांनी दबते, हरळी विरळ होते आणि दुधीचे पहिले चट्टे तिथेच दिसतात.

एका वर्षी स्पर्धा तोंडावर होती आणि व्यवस्थापनाने २,४-डी हे रुंद पानांची तणे मारणारे औषध फवारण्याचा आग्रह धरला. इतक्या खाली कापलेली हरळी आधीच ताणाखाली असते, उन्हाची तिरीप आली तर या औषधाने ती पिवळी पडते, हे मी सांगत होतो. कपाशी तर त्याच्या अत्यल्प अंशानेही बिघडते. डबा गोदामात येऊन पडला होता, पण त्याचे झाकण उघडलेले नव्हते, आणि नेमके त्याच सकाळी शेजारचे शेतकरी हातात पऱ्हाटीचा शेंडा घेऊन फाटकाशी आले.

"साहेब, तुमच्या फवाऱ्यानं माह्या पऱ्हाटीची भेंडी केली."

शेंडा पाहताच औषध २,४-डीच आहे ते कळले. खालची जुनी पाने धड होती. नवी पाने मात्र भेंडीच्या पानांसारखी अरुंद, बोटांसारखी फाटलेली आणि शिरा जवळजवळ समांतर झालेल्या. हे औषध झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते, म्हणून त्याचा घाव कोवळ्या वाढीवर दिसतो. "काकाजी, आधी शेत पाहू," असे म्हणून मी त्यांच्यासोबत निघालो.

वाऱ्याने औषध आमच्याकडून गेले असते तर कुंपणालगतच्या ओळी सर्वांत जास्त बिघडायला हव्या होत्या. त्या मात्र स्वच्छ होत्या. सर्वांत वाईट अवस्था पलीकडे, विहिरीजवळच्या ओळींची होती आणि तिथून पुढे जाताना विकृती कमी कमी होत गेली होती. तुडतुड्यांसाठी फवारणी विहिरीपासून सुरू केली होती का, असे विचारल्यावर ते थबकले. पंप गावातून मागून आणलेला होता आणि त्याने आधी कोणीतरी धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, गाजर गवत मारले होते. नुसत्या पाण्याने विसळलेल्या पंपातला अंश पहिल्या टाकीत जास्त उतरला आणि पुढे धुवून निघत गेला. पऱ्हाटी उपटू नका, सौम्य बाधा झालेली झाडे नवी पाने धरतात, बोंडे मात्र उशिरा लागतील, असे मी त्यांना सांगितले. पंप धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने रात्रभर भरून ठेवायलाही सुचवले.

त्यांचे शेत पाहून व्यवस्थापनही नरमले आणि डबा दुकानात परत गेला. निंदणाला येणाऱ्या बायांना आम्ही ग्रीनवर बसवले. खुरप्याने पृष्ठभाग उखडतो, म्हणून अरुंद चाकू दिले. दुधीचे सोटमूळ ओल्या वाळूतून सरळ निघते. आंबोटीच्या खोडाला मात्र पेरापेराशी मुळे फुटतात, त्यामुळे तिचा गोळाच कापून त्या जागी चाळलेली रेती भरावी लागते. "शेंग वाळ्ळी का दाणे तोंडावर उडते," असे एक मावशी म्हणाल्या. उपटलेले तण त्या बाजूला न टाकता थेट पिशवीत भरत होत्या. हे मी कोणाला शिकवलेले नव्हते.

मजुरी औषधापेक्षा महाग पडली, हे खरे. उतरण्याच्या बाजूला आता आम्ही पोकळ दातांच्या यंत्राने भोके पाडून रेती भरतो आणि दोरी बांधून खेळाडूंची वाट अधूनमधून बदलतो. त्यावर त्यांची कुरकुर चालूच असते.