'रॉजर' म्हणजे 'ऐकलं', 'कळलं' नव्हे

जानेवारी उजाडला की डॉ. होमी भाभांच्या विमान अपघाताचे तेच ते मेसेज मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरू लागतात. बॉम्ब, सीआयए, कट. फ्रेंच चौकशीने काढलेला निष्कर्ष मात्र कोणी पुढे पाठवत नाही. तो वाचला तर जीव जास्त हळहळतो.

24 जानेवारी 1966. एअर इंडियाचं फ्लाइट 101, बोइंग 707, नाव 'कांचनजंगा'. भाभा याच विमानात होते. मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडन करत न्यूयॉर्कला जाणारं. बैरूत सोडतानाच त्याच्या दोन व्हीओआर रिसीव्हरपैकी एक बंद होता.

एक बंद असल्याने काय बिघडतं? व्हीओआर हे जमिनीवरचं रेडिओ केंद्र. रिसीव्हर त्यावर लावला की विमान त्या केंद्रापासून कोणत्या दिशेच्या रेषेवर आहे, तेवढं समजतं. रेषेवर नेमकं कुठे, ते नाही. त्यासाठी दुसऱ्या केंद्राची रेषा घ्यायची. दोन्ही छेदतात तिथे विमान. दोन रिसीव्हर असले की दोन्ही काटे एकदम डोळ्यांसमोर. एकच असेल तर आधी एक फ्रीक्वेन्सी लावा, काटा स्थिर होऊ द्या, आकडा टिपा, मग दुसरी लावा. तोवर जेट कितीतरी पुढे गेलेलं असतं, मिनिटाला पाच मैलांच्या हिशेबाने. पहिली रेषा शिळी, दुसरी ताजी, आणि त्यांच्या छेदावर विसंबायचं.

जिनिव्हाकडे येताना विमान फ्लाइट लेव्हल 190 वर, म्हणजे साधारण 19,000 फुटांवर होतं. वाटेतल्या माँ ब्लाँ या आल्प्सच्या सर्वोच्च शिखराची उंची सुमारे 15,770 फूट. कंट्रोलरने सांगितलं, हीच उंची ठेवा. ढगांच्या हजार फूट वर राहून, बाहेर बघत उतरता येत असेल तरच उतरा. वैमानिकाने होकार दिला आणि आपण माँ ब्लाँच्या बाजूने पुढे जात आहोत, असं कळवलं. रडारवर कंट्रोलरला ते चूक दिसलं. त्याने दुरुस्ती सांगितली: 'यू हॅव फाइव्ह माइल्स टु द माँ ब्लाँ', म्हणजे माँ ब्लाँपर्यंत पाच मैल. उत्तर आलं, 'रॉजर.'

या वाक्यात 'पुढे' हा शब्द नाही. 'तुमचा अंदाज चुकला' असंही नाही. डोंगराची धार ओलांडली असं ज्याच्या मनात पक्कं बसलंय, त्याला 'पाच मैल' ऐकून धोका जाणवेलच असं नाही. आणि 'रॉजर'चा अर्थ फक्त 'तुमचा निरोप मिळाला'. तो कसा समजला, हे त्यातून कळत नाही. म्हणून तर उंची, दिशा, धावपट्टी असल्या सूचना वैमानिकाला परत म्हणून दाखवाव्या लागतात. नुसत्या ठिकाणाच्या माहितीला तशी सक्ती नसते.

विमान उतरत राहिलं आणि सुमारे 4,750 मीटरवर, शिखराच्या जेमतेम साठेक मीटर खाली, आदळलं. 106 प्रवासी, 11 कर्मचारी. कोणीच वाचलं नाही. याच डोंगरावर 3 नोव्हेंबर 1950 ला मुंबईहूनच निघालेलं एअर इंडियाचं विमान 'मलबार प्रिन्सेस' कोसळून 48 माणसं गेली होती.

जमीन धोकादायकरीत्या जवळ आल्याची सूचना कॉकपिटमध्ये देणारं जीपीडब्ल्यूएस हे यंत्र पुढे सत्तरच्या दशकात सक्तीचं होऊ लागलं. पण ते रेडिओलहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर चालतं, आणि तो सरळ खाली बघतो. समोर उभा कडा असेल तर इशारा उशिरा मिळतो. 1979 मध्ये अंटार्क्टिकातल्या एरेबस डोंगरावर आदळलेल्या विमानाला तो मिळाला, पण धडकेच्या अवघी काही सेकंद आधी. 257 जण गेले. पुढची जमीन नकाशावरून ओळखणारी सुधारित यंत्रणा नव्वदच्या दशकात आली. माझ्या मते 'कांचनजंगा'च्या बाबतीत खरा उपयोग तिचाच झाला असता.

माँ ब्लाँवरची बॉसाँ हिमनदी अजून दोन्ही विमानांचे अवशेष खाली आणते आहे. 2012 मध्ये तिथे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची पिशवी सापडली. 2020 मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या मथळ्यांची वर्तमानपत्रं मिळाली. भिजलेली होती. वाळत घातली तर अक्षरं स्वच्छ वाचता आली.