पंखा कोण उघडणार?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरचे दूरचे नातेवाईक विचारतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकाच वळणाने येतो: "तुम्ही पुण्यात ते शाश्वत डिझाइन शिकवता म्हणे, म्हणजे नेमकं काय? प्लास्टिकच्या जागी बांबू वापरायचा, एवढंच ना?" पंगतीत मी "साधारण तसंच" असे म्हणून वरणभाताकडे वळते. परंतु विचारणाऱ्यांपैकी काहींची मुले पुढे माझ्याच वर्गात येऊन बसतात, तेव्हा एकदा सविस्तर उत्तर दिलेले बरे.

बांबूशी माझे वैर नाही. पहिल्या सत्रात विद्यार्थी बांबू घेऊनच येतात: बांबूचा स्पीकर, बांबूचा कंदील, बांबूचा टूथब्रश, ज्याचे केस मात्र नायलॉनचे असतात. मी त्यांना नाही म्हणत नाही. हिशेब मांडायला सांगते. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुती पिशवी एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा तापमानवाढीच्या दृष्टीने सरस ठरायची असेल, तर ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. आकडा ऐकून वर्ग गप्प होतो, आणि मग कोणीतरी हात वर करून विचारते की या हिशेबात नाल्यात अडकलेली पिशवी कुठे धरली आहे. ती धरलेलीच नाही. हा प्रश्न जिथून येतो तिथून माझा विषय सुरू होतो: कोणता हिशेब मांडला, कोणता सोडला, आणि सोडलेल्याचा भार कोणावर पडला. (डिझाइनच्या परिषदांत मिळालेल्या माझ्या घरातल्या अकरा सुती पिशव्यांचा हिशेब मी अजून वर्गात सांगितलेला नाही.)

तिसऱ्या वर्षाला मी छताचा पंखा देते. ज्याच्याकडे वर मान करून कोणी पाहत नाही अशी ती वस्तू. प्रत्येक गटाला दोन पंखे मिळतात, एक जुन्या पद्धतीचा आणि एक बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या धर्तीच्या मोटरचा, आणि पहिले दोन दिवस फक्त ते उघडायचे असतात. जुना पंखा उघडायला साधा स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा जोर पुरतो. आत तांब्याच्या तारेचे वायंडिंग, दोन बेअरिंगे आणि एक छोटा कंडेन्सर. पंखा मंद झाला की बहुधा तो कंडेन्सरच थकलेला असतो, आणि तो बदलायला गल्लीतला इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून दहा मिनिटांत खाली उतरतो. मोटर जळालीच तर रिवायंडिंगच्या दुकानात जुनी तार कापून काढतात, नवी गुंडाळतात, वर व्हार्निश चढवतात आणि पंखा पुन्हा छताला लागतो. आमच्या घरातला एक पंखा असा दोनदा जन्मला आहे.

बीएलडीसी पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि वायंडिंगला कधी, किती वीज द्यायची हे एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो. म्हणूनच तो कमी वीज खातो. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, हा साधारण ३०. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर वर्षाला १६२ युनिट वाचतात. आपल्या देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला शंभर किलोच्या वर बचत होते. पंख्याचा पर्यावरणावरचा मोठा भार तो बनवताना पडत नाही, तो वर्षानुवर्षे फिरताना पडतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचे तारे दाखवणारी तारांकनाची पट्टी सक्तीची झाली, ती याच कारणाने, आणि मला ती योग्यच वाटते.

इथवर विद्यार्थी खूश असतात. उत्तर सापडले असे त्यांना वाटते. मग ते बोर्डापर्यंत पोहोचतात. आम्ही उघडलेल्या काही पंख्यांत तो बोर्ड राळ ओतून पूर्ण बंद केलेला होता. दमट हवा, धूळ, पाल, मुंग्या यांपासून बचावासाठी हा उपाय चांगला आहे, आणि तो करणाऱ्या अभियंत्याला मी दोष देणार नाही. मात्र व्होल्टेज वर-खाली होऊन त्यातला एखादा छोटासा भाग गेला, तर त्या राळेतून तो काढायचा कसा? छिन्नीने टोकरून पाहणाऱ्या एका मुलीने शेवटी बोर्डाचे दोन तुकडे केले. मग मी त्यांना रिवायंडिंगच्या दुकानात नेते. तिथले काका आमचा बीएलडीसी पंखा हातात घेऊन एकदा फिरवतात, चुंबकाची ओढ बोटांना जाणवताच मान हलवतात आणि सांगतात, "ह्याला कंपनीकडेच न्यावं लागतं. आम्हाला बोर्ड मिळत नाही, आणि मिळाला तर त्याचा नकाशा मिळत नाही."

हा माझ्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. विजेच्या बाजूने पाहिले तर नवा पंखा निर्विवाद चांगला. काकांच्या दुकानाच्या बाजूने पाहिले तर तो पंखा म्हणजे एकेक करून कमी होणारे गिऱ्हाईक. 'शाश्वत' आणि 'सामाजिक जबाबदारी' हे दोन शब्द अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत जोडीने छापलेले असतात, जणू ते एकाच मांडवाखालचे. पण पंख्याच्या टेबलावर ते एकमेकांचे हात धरत नाहीत. विद्यार्थ्यांना मी सोपी सुटका देत नाही. दिलेले काम असे असते: वीज ३५ वॉटच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि पंखा या दुकानात, या हत्यारांनी दुरुस्त झाला पाहिजे.

आमच्या क्षेत्रात जुन्या वस्तूंचे गोडवे गाण्याची रीत आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याचे मनापासून कौतुक केले, आणि त्या अहवालाला धरून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तेव्हापासून डिझाइनच्या कोणत्याही व्याख्यानात लोटा येतोच. मी त्याऐवजी पितळेचे पातेले आणते आणि कल्हईवाल्याबद्दल विचारते. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो पाहिलेला नसतो. भाता, निखारे, तापल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकताच उठणारा पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने चपळाईने फिरवलेला हात, आणि पातेल्याची आतली बाजू चांदीसारखी लखलखीत. कल्हई उडाली की त्या पातेल्यात आंबट शिजवायची सोय उरत नसे. म्हणजे ते पातेले कल्हईवाला दारात येणार हे गृहीत धरूनच घडवलेले होते. तो यायचा थांबला आणि पातेली माळ्यावर गेली. वस्तू एकटी टिकाऊ नसते, हे मला एवढे लांबण न लावता सांगता आले असते, पण विद्यार्थ्यांना धूर पाहिल्याशिवाय पटत नाही. त्यासाठी एका कल्हईवाल्याला शोधून वर्षातून एकदा महाविद्यालयाच्या अंगणात बसवते.

सामाजिक जबाबदारीचा धडा मी स्वतः चुकून शिकले. शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी कचरावेचक महिलांसाठी ढकलगाडी करण्याचे काम वर्गाला दिले. मुलांनी कष्टाने सुबक गाडी बनवली. कचरा दिसू नये आणि बाईंचा मान राहावा म्हणून तिला झाकण बसवले. महिनाभराने आम्ही गेलो तेव्हा झाकण काढून टाकलेले होते. पुण्यात या महिलांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे, आणि बोलायला त्या कचरत नाहीत. "मान झाकणानं राहत नाही, बाई," एकीने मला ऐकवले, "दर दाराशी घाण हातानं ते उचलायचं कुणी?" आम्ही त्यांना आधी विचारले नव्हते. मी मुलांना विचारायला लावले नव्हते, असे म्हणणे जास्त खरे. तेव्हापासून माझ्या वर्गात वस्तूचे पहिले चित्र काढण्याआधी तीन दिवस नुसते बसून पाहायचे असतात, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्या वेळेचे पैसे महाविद्यालयाने द्यायचे असतात. या दुसऱ्या अटीसाठी मला मुलांपेक्षा लेखा विभागाशी जास्त भांडावे लागते.

पालकांचा उपप्रश्न असतो: नोकरी लागल्यावर कंपनी हे सगळे ऐकून घेणार आहे का? पुष्कळदा नाही. माझे माजी विद्यार्थी फोन करून सांगतात की स्क्रूऐवजी गोंद वापरायचे ठरले, कारण त्याने जुळणीचे काही सेकंद वाचतात. काही गोष्टी मात्र बाहेरूनच बदलत आहेत. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, धुलाई यंत्र अशा वस्तूंवर त्या किती दुरुस्तीयोग्य आहेत याचे गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. कंपनीला उद्या असा माणूस लागेल, या आशेवर मी शिकवत नाही. पण तो लागलाच तर त्याला पंखा उघडता यावा.

गुणांकनात मी एक पान सक्तीचे ठेवले आहे: तुमच्या वस्तूत तुम्ही काय गमावले आणि ते कोणाचे गमावले, हे नावानिशी लिहायचे. या पानावर मुले सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि सर्वांत जास्त खोडाखोड करतात.

यंदाच्या एका गटाने बोर्ड मोटरमधून काढून वर, छताजवळच्या वाटीत आणला, म्हणजे पंखा न उतरवता तो बदलता येईल. राळेऐवजी त्यावर लॅकरचा पातळ थर दिला, तारांना खटकन बसणारे जोड दिले, आणि बोर्डाचा नकाशा छापून माहितीपुस्तिकेत घातला. नमुना घेऊन ते काकांकडे गेले, मीही मागे उभी होते. काकांनी वाटी उघडली, बोर्ड काढला, परत बसवला. "पुस्तिका कोण जपून ठेवतं? नकाशा ह्या वाटीच्या आतूनच चिकटवा," एवढे सांगून त्यांनी बोर्डाची किंमत विचारली. ४८० रुपये, मुले म्हणाली. काकांनी वाटी मिटली. "तीनशेच्या वर गेला तर गिऱ्हाईक नवा पंखा घेतं."

नकाशा दुसऱ्याच दिवशी वाटीच्या आत गेला. बोर्ड सध्या ४१० रुपयांवर आहे.