लाईट गेली तेव्हा

परवा दुपारी अडीचच्या सुमाराला लाईट गेली. मे महिना, सोलापूर आणि अडीच. यापुढे उन्हाचं वर्णन करायची गरज नाही. पंखा आळोखेपिळोखे देत थांबला आणि मी सवयीने कान टवकारले, आता थांबेल म्हणून. काय थांबेल, ते मलाच क्षणभर आठवेना. मग उमगलं. मागांची खडखड.

पूर्व भागात वाढलेल्यांना ही खडखड सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. अशोक चौकाच्या मागे आमच्या गल्लीत प्रत्येक तिसऱ्या घराला चिकटून एक कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली चार नाहीतर सहा यंत्रमाग. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसरात्र. पुण्याहून आलेला मावसभाऊ पहिल्या रात्री रडकुंडीला आला. "तुम्ही यात झोपता कसे?" आम्ही विचारलं, "कशात?"

आम्हाला ती खडखड फक्त थांबल्यावर ऐकू यायची. रात्री लाईट गेली की शांततेने जाग यायची, अगदी दचकून. मग एकेक बारीकसारीक आवाज उगवायचे. कुणाचा तरी खोकला, रांजणावर ठेवलेलं ताट, लांब स्टेशनाकडची गाडी. कारखान्यातली माणसं बनियनवर ओट्यावर येऊन बसायची. केसांत, भुवयांवर, मिशांवर कापसाचा पांढरा भुगा. लाईट जाताच सगळे एकदम म्हातारे झाले, असं मला लहानपणी खरोखरच वाटायचं. लाईट आली की तोंडं धुऊन ते पुन्हा तरुण होत नसत, तसेच आत जात. पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं, मी "आलीऽऽ" ओरडण्यात दंग.

तर परवा लाईट गेली आणि काहीच थांबलं नाही. थांबण्यासारखं होतं काय, आमचा फ्रीज आणि समोरच्यांचा टीव्ही. खडखड कधी गेली, कोणत्या वर्षी, हे मी त्या उकाड्यात बोटांवर मोजत बसलो. काही केल्या सांगता येईना. गिरण्या बंद पडल्याचं सांगता येतं. त्यांचा भोंगा होता, तो एक दिवस वाजला नाही म्हणून तरी कळलं. यंत्रमागाला भोंगा नसतो. एक माग भंगारात गेला, मग दुसरा. एकाने चादर सोडून टॉवेल धरला, दुसरा मुलाकडे पुण्याला गेला.

आमच्या गावाची एक खोड आहे. वस्तू जाते, नाव राहतं. जुनी मिल माझ्या जन्माआधीच बंद पडली होती, तरी रिक्षावाल्याला आजही 'जुनी मिल' म्हटलं की पुरतं. धर्मवीर संभाजी तलाव म्हणा, तो तुमच्याकडे बघत राहील. 'कंबर तलाव' म्हटलं की मीटर पडला. २०२३च्या जूनमध्ये विमानतळाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली. होत्याची नव्हती झाली, गावभर मोबाईलवर तेच फिरत होतं. दोन वर्षांनी गोव्याचं विमान सुरू झालं. आमच्या ओळखीचे एक काका होटगी रस्त्यावरचा पत्ता सांगताना अजून "चिमणी होती ना, तिथून डावीकडं" असंच सांगतात. विमानतळ तेवढा मोठा, पण पत्त्यात चिमणी, तीही नसलेली.

असो. उकाडा असह्य झाला तेव्हा मी उठून शेजारच्या अव्वांकडे गेलो. त्यांचा कारखाना गल्लीतला सगळ्यात थंड, छपराखाली तट्ट्या ठोकलेल्या. सासरे तेलंगणातून हातमाग विणायला आले, नवऱ्याने यंत्रमाग टाकले, अव्वांनी स्वतः चाळीस वर्षं विड्या वळल्या. सूप मांडीवरून उतरलेलं मी क्वचितच पाहिलं. धाकटी लेक आता कुंभारीला राहते, विडी कामगारांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीत. कारखान्यात थोरली सून शिवणयंत्रं टाकून शाळांचे गणवेश शिवते. पाच यंत्रं, पाच बायका. लाईट नव्हती म्हणून सगळ्या काज-बटणाला बसल्या होत्या.

"काय करलालास बे या उन्हात?" अव्वा म्हणाल्या. मी पन्नाशी ओलांडली, हे त्यांना मान्य नाही.

मी खाली फरशीवर टेकलो. फरशीतून मागांचे बोल्ट अजून वर आलेले आहेत. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ दिसायला लागतं, तसे चिंध्या झाडल्या की हे बोल्ट. हातातल्या शर्टाच्या खिशावर कुठल्या तरी शाळेचं नाव होतं, मल्याळम की कन्नड, मला वाचता येईना. सुनेलाही येत नव्हतं. ती म्हणाली, "उलटं लागलं तर परत येतं, एवढं कळतंय मला."

उलट्या अक्षरांशी माझं जुनं नातं. आम्ही उन्हाळाभर माळवदावर झोपायचो. सकाळी ऊन तोंडावर आलं की चादर डोक्यावरून ओढायची. सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी विणीची, इकडे लाल जमिनीवर पांढरी वेल, तिकडे पांढऱ्यावर लाल. काठाशी विणलेलं गावाचं नाव मात्र आतून उलटं. नाकापासून चार बोटांवर, उन्हात पेटलेलं: रपूलासो. शाळेत सोलापूर लिहायला शिकण्याआधी मला रपूलासो येत होतं. आता मी पांघरताना सुलटी बाजू आत घेतो. बायको म्हणते, लोक उलटं बघतात. झोपेत कोण लोक येतात बघायला?

तेवढ्यात शेवटच्या शिवणयंत्राच्या पायाकडे लक्ष गेलं. बोल्टमुळे पाय उचलला गेलेला, म्हणून दुसऱ्या पायाखाली तपकिरी पुठ्ठ्याची घडी. पुठ्ठ्याला ओळीने भोकं. जकार्डचा पुठ्ठा. वेल कुठे वळायची, अक्षर कुठे उमटायचं, ते या भोकांनी ठरायचं. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्याने ओवून मागावर माळेसारखे फिरायचे. हा त्यातला एक. वेलीचा असेल, काठाचा असेल, कदाचित 'सो'च्या मात्रेचाही.

मी म्हटलं, "हा मला द्या."

सून हसली. "यंत्र हलतंय मग, दादा. तेवढ्याच जाडीचा दुसरा आणा आणि न्या."

लाईट आली. पाची यंत्रं एकदम सुरू झाली. घरी आलो.

तेव्हापासून शोधतोय. कॅलेंडरची घडी पातळ पडली. काल बुटाच्या खोक्याचा तुकडा नेला होता, तो जाड झाला.